रोजच्या गाडीत कॉइलओव्हर: उंची फेंडर बघून नाही, खाली वाकून ठरवायची

प्रश्न: पुण्यात राहतो. पोलो १.२ टीएसआय आहे, टायर १९५/५५ आर १६. रोज वारजे ते हिंजवडी जाणं-येणं, आणि महिन्यातून दोनदा साताऱ्याला. तेव्हा चार माणसं आणि डिकीत सामान. उंची आणि डॅम्पिंग (स्प्रिंगची उसळी आवरणारा शॉकअपचा रोध) दोन्ही बदलता येतात असे कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग-शॉकअपचे संच, बसवून घेतले. स्प्रिंग पुढे ५ आणि मागे ३.५ किलो प्रति मिमी. गाडी दोन इंच खाली आहे. दिसते सुरेख, पण छोट्या खड्ड्यातही पुढून धाडकन आवाज येतो, चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) दोनदा घासलं आणि तीन महिन्यांत पुढचे टायर आतल्या बाजूने गेले. डॅम्पिंग सगळ्यात मऊ करूनही फरक नाही. मऊ स्प्रिंग घेऊ, की परत कंपनीचं सस्पेन्शन लावू?

उत्तर:

दोन्ही करू नका. तुमच्या स्प्रिंग ठीक आहेत आणि किटही बिघडलेलं नाही. गाडी ज्या उंचीवर उभी केली आहे ती उंची चुकली आहे. आवाज, घासणं आणि टायर खाणं, तिन्ही तक्रारींचं मूळ तिथेच आहे. मी बावीस वर्षं सस्पेन्शन आणि अलाइनमेंटचंच काम करतोय. ‘कॉइलओव्हर लावल्यापासून फार कडक झाली’ म्हणून आलेल्या गाड्यांपैकी फार थोड्यांची स्प्रिंग मला बदलावी लागली आहे.

डॅम्पिंग मऊ करूनही फरक पडला नाही, हे तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं. घुंडी फिरवून काही जाणवत नसेल, तर तो धक्का डॅम्परच्या, म्हणजे शॉकअपच्या, रोधातून येतच नाहीये, बंप स्टॉपमधून येतोय. शॉकअपच्या रॉडवर वरच्या बाजूला जो रबराचा किंवा फोमचा ठोकळा असतो तो बंप स्टॉप. गाडी खाली घेतली की शॉकअपची बॉडी आणि तो ठोकळा यांच्यातलं अंतर कमी होतं. फारच कमी झालं, तर प्रत्येक खड्ड्यात शॉकअप जाऊन त्या ठोकळ्यावर आदळतो आणि त्या क्षणी तुमची ५ किलोची स्प्रिंग ५ किलोची राहत नाही.

स्प्रिंग खरंच कडक आहे का, याचा हिशेब सोपा आहे. पोलोच्या पुढच्या एका कोपऱ्यावर, चाक-ब्रेकचं वजन सोडून, साधारण ३०० किलो येतात. ५ किलोची स्प्रिंग दर ५ किलोला एक मिमी, म्हणजे त्या वजनाखाली ६० मिमी दबते. एवढी दबणारी गाडी सेकंदाला साधारण दोन वेळा खालीवर होते. कंपनीतून येणाऱ्या साध्या गाड्या सव्वा ते दीडच्या आसपास असतात. म्हणजे तुमची गाडी कंपनीपेक्षा नक्कीच कडक आहे, पण रोज चालवता येईल इतपतच. तुम्ही ८ किलोची स्प्रिंग घेतली असती तर आकडा अडीचच्या वर गेला असता आणि मी तुम्हाला सरळ ती काढायला सांगितली असती.

आता माझ्यावर विश्वास ठेवण्याऐवजी स्वतः तपासा. दहा रुपयांचं काम आहे. डस्ट कव्हर वर सरकवून शॉकअपच्या चकचकीत रॉडवर एक बारीक केबल टाय आवळा, शेपूट कापून टाका. गाडी चारही चाकांवर उभी असताना तो टाय खाली सीलला (रॉड बॉडीत शिरतो तिथल्या रबरी कड्याला) टेकवा. सीलपासून बंप स्टॉपच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. मग आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा. शॉकअप जितका आत गेला असेल तितका तो टाय वर ढकललेला दिसेल. तो बंप स्टॉपच्या बुडाशी जाऊन चेपलेला असेल तर माझं म्हणणं बरोबर. तुमच्या गाडीत तसाच सापडेल, याबद्दल मला जवळजवळ शंका नाही. रोजच्या गाडीत पुढे हे मोकळं अंतर किमान ४० मिमी असावं, असा माझा नियम आहे. ३० च्या खाली गेलं की गाडी स्प्रिंगवर नाही, रबरावर चालते.

उंची बदलण्यापूर्वी तुमचं किट कोणत्या जातीचं आहे ते बघा, कारण दोन जाती आहेत आणि त्यांचं वागणं वेगळं आहे. पहिल्या जातीत स्प्रिंग ज्या रिंगवर बसते तीच वर-खाली करून उंची बदलतात. इथे रिंग वर घेतली की गाडी उचलली जाते आणि बंप स्टॉपपर्यंतची जागाही वाढते. पण चाक खाली लोंबायला तेवढी जागा कमी होते. दुसऱ्या जातीत शॉकअपची आख्खी बॉडी खालच्या ब्रॅकेटमध्ये आत-बाहेर होते आणि स्प्रिंगची रिंग वेगळी असते. तिथे ब्रॅकेटवरून उंची कितीही बदला, बंप स्टॉपचं अंतर तेवढंच राहतं. ते बदलायचं तर स्प्रिंगची रिंगच फिरवावी लागते. अनेक गॅरेजमध्ये हा फरक न बघताच पाना लावतात आणि मग दोन दिवस गाडी का सुधरत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

रिंगवरून स्प्रिंग आधीच दाबून ठेवणं म्हणजे प्रीलोड. याबद्दल एक गैरसमज घट्ट रुजलेला आहे की प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते. सरळ, एकसारख्या वेढ्यांची स्प्रिंग प्रीलोडने कडक होत नाही. ५ किलोची ती ५ किलोचीच राहते. फक्त गाडी कुठे उभी राहते आणि वर-खाली कुणाला किती जागा मिळते, एवढंच बदलतं. तुमच्या पुढच्या स्प्रिंगला ५ मिमी प्रीलोड दिला, तर चाक अजून ५५ मिमी खाली लोंबू शकतं, अर्थात शॉकअपची लांबी पुरत असेल तर. ३० मिमी दिला तर फक्त ३० मिमी. मग खड्ड्याच्या काठावर चाक हवेत राहतं आणि गाडी धपकन खाली बसते. उलट, प्रीलोड शून्याच्या खाली गेला तर जॅकवर गाडी उचलल्यावर स्प्रिंग सैल होऊन हलते. ते अजिबात चालणार नाही. गाडी जॅकवर, चाक लोंबतं, आणि स्प्रिंग हाताने फिरवता येऊ नये: ही माझी किमान अट.

मग किती खाली घ्यायची? हे ठरवायला फेंडर आणि टायरमधली फट बघू नका. गाडी सपाट जागी उभी करून खाली वाका आणि पुढचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, बघा. त्याचं आतलं टोक सबफ्रेमच्या (इंजिनखालच्या चौकटीच्या) रबरी बुशला, बाहेरचं टोक चाकाकडच्या बॉल जॉइंटला. कंपनीच्या उंचीवर आर्म बाहेरच्या बाजूला थोडा खाली उतरलेला असतो. गाडी खाली घेत गेलात की तो आडवा होतो आणि आणखी खाली घेतलीत की बाहेरचं टोक वर जातं. तुमच्या गाडीचा आर्म आत्ता नक्की उलटा चढलेला असणार. मॅकफर्सन स्ट्रटच्या, म्हणजे शॉकअपच चाकाला वरून धरतो अशा, गाडीत याची मोठी किंमत मोजावी लागते. गाडीच्या वजनाचा मध्य दोन इंच खाली येतो, पण ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो, म्हणजे रोल सेंटर, त्याहून बराच जास्त खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं. म्हणजे कात्रजच्या वळणावर गाडी कमी कलेल म्हणून आपण ती खाली घेतो आणि वळणाचा जोर लागताच तिला जास्त कलायचं असतं. मग ते रोखायला आणखी कडक स्प्रिंग, आणखी जाड अँटी-रोल बार (कलणं रोखणारी आडवी सळई). या फेऱ्यात शिरूच नका. आर्म आडवा होईल तिथे थांबायचं, किंवा त्याच्या थोडं आधी. पोलोत ही जागा मला कंपनीच्या उंचीपासून साधारण २५ ते ३० मिमी खाली सापडते.

चेंबरचंही गणित करून बघू. पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स कागदावर १६५ मिमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंमी उंच असतो, पण ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येच्या कमानीसारखा. पोलोच्या दोन चाकांतलं अंतर साधारण २.४७ मीटर, म्हणजे पुढची-मागची दोन्ही चाकं त्या कमानीवर एकदम मावतात. त्यामुळे १० सेंमीच्या गतिरोधकातले फक्त ४५ मिमी गाडीच्या पोटाखालून जातात. २५ मिमी खाली घेतलेल्या गाडीत तेव्हा ९५ मिमी उरतात. तुमच्या आजच्या उंचीवर ७० उरतात आणि चार माणसं बसवून थोड्या वेगात उतरलात तर ते ७० सहज संपतात. सोसायटीच्या दारात रात्रीत ओतलेला, फूटभर रुंदीचा डांबराचा उंचवटा मात्र ही सगळी मेहेरबानी करत नाही. तो जितका उंच, तितका अख्खा पोटाखालून जातो. तुमच्या रोजच्या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट असा उंचवटा शोधा आणि टेपने मोजा. तो १२ सेंमीचा निघाला तर २५ मिमी खाली घेतलेली गाडीही रिकामी आणि चालीच्या वेगानेच न्यावी लागेल. ते रोज जमणार नसेल तर १५ मिमीवर थांबा. रोजच्या गाडीत रस्ता जिंकतो, तिथे हट्ट करू नये.

मागच्या बाजूला वेगळा विचार लागतो. पोलोला मागे ट्विस्ट बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी, पिळ घेणारी एकच आडवी तुळई. स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसतात. बीमवर स्प्रिंगची जागा आणि चाकाचा मध्य एका ठिकाणी नसतात, त्यामुळे ॲडजस्टर १० मिमी फिरवला म्हणून उंची १० मिमीच बदलेल असं नाही. फिरवा, मोजा, पुन्हा फिरवा. साताऱ्याला जाताना मागे दोन माणसं आणि सामान मिळून १८० किलो धरले, तर ३.५ किलोच्या दोन स्प्रिंगवर गाडी २५ मिमी किंवा थोडी जास्तच बसते. मागे आधीच ५० मिमी खाली घेतली असेल तर खंबाटकी घाटात मागे बसलेल्यांच्या पाठीला तो हिशेब कळत असणार. म्हणून मागची बाजू पुढच्यापेक्षा कमी खाली घ्यायची. मी तुम्हाला पुढे २५ आणि मागे १५ ते २० मिमी असं सुचवेन. रिकामी गाडी पुढे किंचित झुकलेली दिसेल. दिसू द्या, भरल्यावर सरळ होते. आणि मागचं चाक पूर्ण लोंबलेलं असताना स्प्रिंग तिच्या जागेतून सुटत नाही ना, हे जॅकवर डोळ्यांनी बघा. खाली घेतलेल्या ट्विस्ट बीमच्या गाड्यांत सुटलेली स्प्रिंग मी दोनदा पाहिली आहे.

मोजमाप घेताना जमिनीपासून फेंडरपर्यंत मोजू नका. टायरची हवा कमी-जास्त असली की आकडा फिरतो. चाकाच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत मोजा. निम्मी टाकी पेट्रोल, चालकाच्या जागेवर तुमच्याएवढं वजन. आणि जॅकवरून उतरवल्याबरोबर घेतलेला आकडा खोटा असतो, कारण टायर बाजूला ताणलेले असतात आणि गाडी पूर्ण बसत नाही. दहा मीटर पुढे-मागे ढकलून मग मोजा. डाव्या-उजव्यात ३-४ मिमीचा फरक राहिला तर सोडून द्या. एकाच कोपऱ्याची रिंग फिरवून तो फरक काढायला गेलात तर त्या कोपऱ्याचं आणि त्याच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्याचं वजन वाढतं, उरलेल्या दोघांचं कमी होतं आणि पावसात ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते.

आता जे काम सगळ्यात जास्त चुकतं, त्याबद्दल. लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे रबरी बुश हे बेअरिंगसारखे फिरत नाहीत. रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं आणि हालचालीसोबत ते पिळतं. बोल्ट ज्या स्थितीत आवळाल ती रबराची विश्रांतीची जागा ठरते. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबती, आणि बोल्ट कचकचून आवळले, की गाडी खाली उतरताच रबर पिळलेल्या अवस्थेतच कायमचं राहतं. अशी गाडी थोडी उंच उभी राहते, कडक वाटते आणि काही महिन्यांत बुश फाटतो. सुरुवातीच्या काळात मी स्वतःच्या गाडीचे बुश असेच आवळले होते. चार महिन्यांनी आर्म काढला तेव्हा रबराला नळीभोवती अर्धगोल चीर गेलेली होती, बोट आत जाईल एवढी. तेव्हापासून चाकं रॅम्पवर, वजन चाकांवर, आणि मगच या बोल्टांचा शेवटचा आवळ. तुम्ही उंची बदलाल तेव्हाही हे बोल्ट सैल करून, नव्या उंचीवर पुन्हा आवळून घ्या. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) कामाला लावा. बोल्ट टॉर्क देऊन वर अंशांत फिरवायचा, असं कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असेल तर तो एकदाच वापरायचा असतो, नवा घ्या.

पोलोचा स्ट्रट नकलमध्ये (चाकाचा हब धरणाऱ्या भागात) चिमट्यासारखा पकडलेला असतो. तो काढताना हातोडा मारणारे पाहिलेत की मला वाईट वाटतं. त्या फटीत चपटा स्प्रेडर घालून ९० अंशांत फिरवला की पकड उघडते आणि स्ट्रट हाताने निघतो. वरचा नट काढताना रॉड ॲलन कीने धरायचा; इम्पॅक्ट गनने रॉड गरागरा फिरवला की सील तिथेच अर्धमेलं होतं. जुने स्ट्रट माउंटिंग आणि बेअरिंग परत घातले असतील तर तुमचा थोडा आवाज तिथूनही येत असेल. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवून स्प्रिंगवर हात ठेवा; स्प्रिंग टणकन उडी मारत फिरली तर बेअरिंग संपलेलं आहे.

टायरचं आता. आतून खाल्लेल्या टायरचा दोष सगळे कॅम्बरला, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर झुकण्याला, देतात (वरची बाजू आत झुकली तर उणे). एक अंशाच्या आसपास उणे कॅम्बर असेल आणि टो बरोबर असेल, तर रोजच्या गाडीचे टायर तीन महिन्यांत संपत नाहीत. टायर मारतो तो टो, म्हणजे वरून बघता चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं. गाडी खाली आली की स्टिअरिंगचे टाय रॉड वेगळ्या कोनात जातात आणि टो आपोआप सरकतो. तळवा टायरवरून बाहेरून आत फिरवा, मग आतून बाहेर. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टो बिघडलेला आहे, मशीनवर चढवायच्या आधीच कळतं. नवी उंची केल्यावर दोनशे-तीनशे किलोमीटर चालवून, स्प्रिंग बसल्यावर अलाइनमेंट करा. पुढे दोन्ही चाकं मिळून टो शून्य ते ०.१५ अंश आत, कॅम्बर दोन्हीकडे सारखा, उणे एक ते दीड अंशाच्या मध्ये. कॅम्बर डाव्या-उजव्यात वेगळा आला तर सबफ्रेम एका बाजूला सरकलेली आहे का ते बघायला सांगा. मागच्या ट्विस्ट बीमला काही फिरवायला नसतं. आकडा खूप बाहेर असेल तर बीम वाकलाय किंवा बुश गेलाय. छापील कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

हे सगळं झालं की मग डॅम्पिंग, शेवटी. बहुतेक एका घुंडीच्या किटमध्ये ती घुंडी मुख्यतः रिबाउंड बदलते, म्हणजे दबलेली स्प्रिंग किती सावकाश परत उघडेल ते. घुंडी आधी कडक टोकाला हलक्या हाताने न्या आणि तिथून क्लिक मोजत सगळ्यात मऊ टोकापर्यंत या. जोर लावला तर आतली सुई बसते आणि मग घुंडी नुसती फिरते. मऊ टोकापासून सुरू करून दोन-दोन क्लिक वाढवत जा, प्रत्येक वेळी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने. मोठ्या उंचवट्यावरून उतरल्यावर गाडी एकदा वर येऊन शांत झाली की थांबा; दुसऱ्यांदा डुलली तर अजून दोन क्लिक. फार पुढे गेलात तर टोलनाक्याच्या रंबलरवर कळेल: स्प्रिंगला उघडायला वेळच मिळत नाही, प्रत्येक पट्टीवर गाडी आणखी खाली बसत जाते आणि शेवटच्या पट्टीला ठोका बसतो. तसं झालं तर दोन क्लिक मागे या. डावी-उजवी सारखी ठेवा, पुढची-मागची वेगळी चालतील. साताऱ्याला भरून जाताना मागे दोन क्लिक वाढवले तर पुरेल.

कायद्याचंही बोलतो, कारण हे कुणी सांगत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विमा कंपनीला लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. कंपनीचे शॉकअप आणि स्प्रिंग विकू नका. तेल लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा. उंची बदलल्यावर हेडलाइटचा बीमही भिंतीसमोर तपासून घ्या.

पावसाळ्याचं विसरू नका. आपल्याकडचा चिखल कॉइलओव्हरच्या थ्रेडमध्ये (आट्यांमध्ये) बसतो आणि एका मोसमात लॉक रिंग (उंचीची रिंग जागेवर धरणारी) अशी धरते की पाना मोडतो, रिंग हलत नाही. मे महिन्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा चाकं काढून थ्रेड नायलॉनच्या ब्रशने आणि पाण्याने धुवा, कोरडे करा, अँटी-सीझचा पातळ हात द्या. प्रेशर वॉशरचा झोत सीलवर थेट मारू नका. कोकणात वारंवार जात असाल तर यात एक फेरी वाढवा.

तेव्हा आधी केबल टाय लावा आणि आठवडा चालवा. मग पुढे २५, मागे १५ ते २० मिमीवर गाडी आणा, वजन चाकांवर ठेवून बुश आवळून घ्या, तीनशे किलोमीटरनंतर अलाइनमेंट. त्यानंतरच्या साताऱ्याच्या फेरीला केबल टाय पुन्हा सीलला टेकवून निघा आणि परत आल्यावर टाय किती वर गेला आणि बंप स्टॉपपर्यंत किती उरलं, हे पुढचे-मागचे चारही आकडे मला कळवा. क्लिक किती ठेवायचे ते त्या आकड्यांवरून सांगतो.